नेमणूकपत्राची प्रत पहिल्याच दिवशी मिळावी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नव्या माणसाला रुजू करून घेताना भरायची कागदपत्रे आणि पुढे ठेवायच्या नोंदी हे काम बहुतेक ठिकाणी तपासणीच्या धास्तीने कसेबसे उरकले जाते. बरीच वर्षे आस्थापना विभागात हेच काम केल्यामुळे मला ठामपणे सांगावेसे वाटते की, या नोंदी मालकाच्या कपाटात असल्या तरी त्यांची खरी गरज कामगाराला पडते, आणि तीही बहुधा त्या नव्याने तयार करणे कोणालाच शक्य नसते अशा वेळी.

पहिल्या दिवशी कागदांचा गठ्ठा पुढे ठेवून सह्या घेतल्या जातात. पद, वेतन, कामाचे तास, परिवीक्षेचा काळ आणि नोटिशीची मुदत ज्यात लिहिलेली असते त्या नेमणूकपत्राची प्रत मात्र ‘नंतर देऊ’ म्हणून राहून जाते. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशानुसार कामाच्या मूलभूत अटी सात दिवसांच्या आत लेखी द्याव्या लागतात. माझ्या मते सात दिवससुद्धा जास्तच आहेत, कारण सही घेता येते त्याच क्षणी प्रतही देता येते.

नाव आणि जन्मतारीख ओळखपत्राशी ताडून पाहण्याचे कामही त्याच दिवशी व्हावे. एका कागदावर वडिलांचे नाव, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर आणि तिसऱ्यावर वेगळेच जन्मवर्ष, एवढ्या कारणावरून निवृत्तीनंतरचे पैसे अडकून पडलेली माणसे मी टेबलासमोर उभी असलेली पाहिली आहेत. रुजू करून घेताना पाच मिनिटे दिली असती, तर त्यांचे हेलपाटे वाचले असते.

हजेरी आणि जादा तासांच्या नोंदींची मागणी नवी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1919 च्या पहिल्याच करारात जादा तासांची नोंद ठेवण्याचे बंधन मालकावर घातले आहे. हजेरीपट नसेल, तर वाद उभा राहिल्यावर कामगाराकडे स्वतःच्या शब्दापलीकडे काहीच उरत नाही.

नोंदी किती काळ जपायच्या, याचे उत्तर प्रत्येक नोंदीच्या उपयोगावरून ठरायला हवे. अमेरिकेच्या संघीय नियमांत पगारपत्रके तीन वर्षे आणि वेळेची पत्रके दोन वर्षे ठेवायची असतात. पण कामगाराच्या घातक पदार्थांशी आलेल्या संपर्काच्या नोंदी किमान तीस वर्षे जपाव्या लागतात. ॲस्बेस्टॉसच्या धुळीतून होणारा आजार कित्येकदा काही दशकांनंतर उघड होतो, तोवर कामगाराने नोकरी बदललेली असते आणि कारखान्याचे मालकही बदललेले असतात. म्हणूनच व्यवसाय विकला गेला तर या नोंदी नव्या मालकाकडे सोपवण्याचे बंधन त्या नियमांत आहे, आणि मला ती तरतूद सर्वांत महत्त्वाची वाटते. जुने कपाट रिकामे करताना पगारपत्रके आणि आरोग्यविषयक नोंदी एकाच रद्दीत जाऊ नयेत, हे पाहणारा जबाबदार माणूस प्रत्येक आस्थापनेत नेमलेला असावा.

जपणुकीइतकीच मर्यादाही आवश्यक आहे. आजारपणाची माहिती सर्वसाधारण फाइलमध्ये न लावता वेगळी आणि कुलूपबंद ठेवावी, निवड न झालेल्या उमेदवारांच्या ओळखपत्रांच्या प्रती मुदत संपताच नष्ट कराव्यात, आणि मूळ प्रमाणपत्रे तर कोणत्याही सबबीखाली अडकवून ठेवू नयेत. ती पाहून लगेच परत करणे एवढेच मालकाचे काम आहे.

आपल्या वृत्तपत्रातून मालकांना माझी विनंती आहे की, कामगाराला वर्षातून एकदा तरी स्वतःची फाइल पाहू द्यावी, तिच्यातील चूक लेखी दुरुस्त करून घेऊ द्यावी आणि नोकरी सोडताना सेवेच्या कालावधीचा दाखला न मागता द्यावा.

आपला विश्वासू,
आस्थापना विभागातील एक निवृत्त कर्मचारी