सत्तरीहून विनयला पत्र

वाळपई, गोवा
12 फेब्रुवारी

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीतून परत आल्याआल्या तुला आमच्या सत्तरी तालुक्यात काहीतरी करावंसं वाटलं, याचा मनापासून आनंद झाला. पण एक दिवसाचं मोफत आरोग्य शिबिर भरवायचा तुझा बेत मला पटलेला नाही. तुला नाही सांगायचं तर कुणाला, म्हणून स्पष्टच लिहितो.

परवा धनगरवाड्यावर गेलो होतो. तिथल्या एका आजीनं तांदळाच्या डब्यातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी शिबिर घेतलं, त्यात तिचा रक्तदाब वाढलेला निघाला, पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या आणि संपल्या. तो डॉक्टर परत येईल तेव्हा दाखवायला तिनं पाकीट जपून ठेवलं होतं. मी रक्तदाब मोजला, 190 वर 110. वाळपईच्या सरकारी दवाखान्यात याच गोळ्या फुकट मिळतात रे! पण त्यासाठी डोंगर उतरून रस्त्यावर यायचं, सकाळची बस धरायची, संध्याकाळच्या बसनं परतायचं. तोवर गुरं कोण बघणार? तिच्या घरात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्डही आहे. दाखल व्हायची पाळी आली, तर त्याचा मोठा आधार आहे. पण तिला हवी आहे रोजची एक गोळी, आणि ती घेतली का हे विचारणारं वाड्यावरचंच कुणीतरी.

तुझ्या पत्रातला मला सगळ्यात भावलेला भाग म्हणजे रोहिंग्या स्वयंसेवक बायकांचा. झोपडीझोपडीत जाऊन त्या गरोदर बायकांची विचारपूस करतात, ताप आलेलं पोर दवाखान्यात पाठवतात. 2017 च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांत सात लाखांवर माणसं तिथं आली, वर्ष संपायच्या आत घटसर्पाची साथ उठली. एवढ्या गर्दीत डॉक्टर पुरणार कुठून?

1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावलाही हेच झालं. पूर्व बंगालच्या निर्वासितांत कॉलरा पसरला होता, सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पाणी पिंपात भरून ठेवलं आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. दगावण्याचं प्रमाण 30 टक्क्यांच्या घरात होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. आपण कॉलेजात त्यातलं ग्लुकोज आणि सोडियम पाठ केलं. मला आता मोठी वाटते ती त्या नातेवाइकांवर टाकलेली जबाबदारी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्यानं गडचिरोलीत गावच्या बायकांनाच नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, तेही याच विश्वासावर.

इथं तर घाईच आहे. काजूचा हंगाम सुरू होतोय आणि माकडतापाचे दिवसही हेच. 2015 पासून सत्तरीनं तो भोगलाय. बोंडू गोळा करायला माणसं पहाटेच पाचोळ्यात शिरतात, तिथं गोचीड चावते. बागायतीत जाण्याआधी हातापायांना गोचिडी दूर ठेवणारं तेल चोळणं, घरी आल्यावर अंग धुऊन कपडे गरम पाण्यात टाकणं, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवणं, अचानक जोराचा ताप चढला तर अंगावर न काढणं. हे सांगायला एमबीबीएस लागत नाही. पण ते रोज सांगावं लागतं, आणि सांगणाऱ्यावर लोकांचा जीव असावा लागतो. आमच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई जिवाचं रान करतात, पण विखुरलेले वाडे एकटीनं किती फिरायचे?

म्हणून माझं ऐक. शिबिराचे पैसे वर्षभर पुरव. प्रत्येक वाड्यावरची एक शिकलेली सून किंवा मुलगी निवडू, तिला रक्तदाब मोजायला, साखर तपासायला, वहीत नोंद ठेवायला शिकवू. गोळ्या सरकारी दवाखान्यातूनच येतील, त्याचं मी आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलतो. तू दर महिन्याला एकदा येऊन त्या वह्या बघायच्या आणि अडलेल्या रुग्णांना तपासायचं. औषधांची खोकी आणू नकोस. रक्तदाबाची यंत्रं मात्र आण, आणि त्यांच्यासोबत लहान मापाचे पट्टे नक्की घे, इथल्या म्हाताऱ्यांचे दंड फार बारीक आहेत.

जमेल का ते याच आठवड्यात कळव. मार्चमध्ये बायका काजूच्या कामात गुंततात, मग शिकवायला वेळ मिळायचा नाही. तुझी राहायची सोय आमच्याकडेच आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रमाकांत