रविवारचा सिनेमा – वेळ बदललीये, नीट वाचा

मंडळी, येत्या रविवारी ५ ऐवजी साडेचारला सुरू करतोय, जागा तीच, वाचनालयाचा वरचा हॉल. सिनेमा 'सलाम बॉम्बे' (१९८८), मीरा नायर यांचा. यातली बरीच मुलं खरोखर रस्त्यावरचीच होती, आधी त्यांचं वर्कशॉप घेतलं आणि मग शूटिंग, आणि पुढे याच सिनेमातून रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करणारा सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, म्हणून हाच निवडलाय. चहाचे ग्लास पोचवणारा यातला मुलगा चायपाव बघितल्यावर आपल्या स्टेशनबाहेरचा पोरगा आठवतोच.

- १२ वर्षांखालच्यांना आणू नका, काही सीन जड आहेत.
- एक्स्टेंशन बोर्ड कोणीतरी आणा रे, मागच्या वेळी वायर पुरली नाही आणि अर्धा तास नुसती चर्चा.
- चहा आहे, कप घरून आणा.

नंतर अर्धा तास बोलू. आणि एक, स्टेशनवरच्या मुलांचे फोटो-व्हिडिओ ग्रुपवर टाकणं बंद करा प्लीज, अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यात मनाई आहे. मूल एकटं, घाबरलेलं दिसलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा, फुकट आहे.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव टाका, खुर्च्या ४०च आहेत.