फिजिसिस्ट मॅडम, त्या दिवशीच्या उशिराबद्दल आभार

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर न्यूरोसर्जनचं नाव आहे, रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टचं आहे. किरणांचा प्लॅन आखणाऱ्या तुमचं नाही. डॉक्टरांचे आभार तेव्हाच मानून झाले, तुमचे राहिले. आता तीन वर्षं होत आली.

ओळख पटावी म्हणून सांगतो: डावीकडचा वेस्टिब्युलर श्वानोमा, म्हणजे कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरची गाठ, १९ मिलिमीटर. फोन डाव्या कानाला लावला की आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. गाठ कॅन्सरची नव्हती, पण चेहऱ्याची नस तिच्यावर ताणून पार पातळ झालेली. सर्जन म्हणाले, सोडवताना नस दुखावली तर अर्धा चेहरा लुळा पडू शकतो. म्हणून गॅमा नाइफ, म्हणजे कापाकापी न करता गाठीवर किरणांचा मारा. (या नावाने घरी उगाच घबराट झाली. नाइफ म्हणायचं आणि सुरी कुठेच नाही!)

सकाळी डोक्याला चार ठिकाणी भुलीची इंजेक्शनं देऊन स्क्रूंनी फ्रेम बसवली, एमआरआय झाला आणि मग मी नुसता बसून. फ्रेमची दांडी तोंडासमोर यायची, पाण्याचा पेला तिच्यावर टणटण आपटायचा. शेवटी कुणीतरी स्ट्रॉ आणून दिला. तासाभरात आत घेणार होते, अडीच तास झाले. नर्सवर मी दोनदा डाफरलो. मशीन बिघडलंय आणि ही मंडळी लपवताहेत, अशी माझी खात्रीच झाली होती.

मग तुम्ही आलात आणि मला तुमच्या खोलीत स्क्रीनसमोर नेलंत. गाठीभोवती पिवळी रेघ होती. तिच्या कडेपर्यंत १२ ग्रे (किरणांच्या डोसचं माप) पोचवायचे आणि पलीकडे काही मिलिमीटरवर असलेल्या कॉक्लियाला, ऐकण्याच्या त्या इवल्याशा शंखाला, सरासरी ४ ग्रेच्या खाली ठेवायचं. "पहिल्या प्लॅनमध्ये ४.८ येत होतं. चाललं असतं, पण तुम्हाला त्या कानाने अजून थोडं ऐकू येतंय ना?" एवढंच बोललात. १९२ किरण निरनिराळ्या दिशांनी येतात, एकेकटा इतका क्षीण की वाटेतल्या मेंदूला फारसं काही होत नाही, हे मी विचारल्यावर सांगितलंत. "थेंबे थेंबे तळे साचे. फक्त तळं कुठे साचवायचं ते आम्ही ठरवतो."

मशीनमध्ये मी ५० मिनिटं होतो. माझ्या आधीच्या बाईंच्या मानाने जास्त का, हेही विचारलं होतं. गाठींचे आकार वेगळे हे एक कारण. शिवाय मशीनमधला किरण देणारा कोबाल्ट सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, मशीन जुनं होईल तसा सगळ्यांचाच वेळ वाढतो, म्हणालात.

पण खरे आभार त्या कागदाचे. निघताना तुम्ही एका कोऱ्या कागदावर तीन गोल काढलेत: आजची गाठ; सहा महिन्यांनंतरची, जरा मोठी आणि मध्ये काळी पडलेली; दोन-तीन वर्षांनंतरची. मधल्या गोलाखाली लिहिलंत, 'सूज असू शकते. घाबरू नका, आधी आम्हाला फिल्म दाखवा.' सहा महिन्यांनी २१ मिलिमीटर भरली. रिपोर्ट पाहून दुसरीकडच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, वाढतेय, लगेच काढून टाका. त्या रात्री तो कागद नसता तर सकाळी मी ऑपरेशनची तारीख घेतली असती. कागदाशी फिल्म लावून पाहिली: मधला भाग काळा, अगदी तुम्ही काढल्यासारखा. फिल्म घेऊन तुमच्याकडेच आलो. तुमच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. थांबलो. दीड वर्षानं १८, परवाच्या एमआरआयमध्ये १६.

ऐकणं पूर्वीपेक्षा थोडं कमी झालंय, खोटं कशाला सांगू. तुम्ही तेही आधीच बजावलं होतं. चेहरा मात्र दोन्हीकडून हसतो.

नंतर या उपचाराबद्दल बरंच वाचलं. १९५१ साली 'रेडिओसर्जरी' हा शब्द वापरणारे स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल सगळीकडे भेटतात. त्यांच्याबरोबर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन जरा शोधावे लागतात. तुमची आठवण झाली, म्हणून हे पत्र.

नर्सताईंना माझ्या वतीने सॉरी सांगा. आणि तो कागद फाइलसाठी परत मागाल तर मिळणार नाही, झेरॉक्स देईन.

आपला,
डाव्या कानाचा पेशंट