बाबा, माइल्ससाठी कार्ड नको

ती. बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मोपाच्या विमानतळावर त्या क्रेडिट कार्डवाल्या मुलाने दिलेल्या फॉर्मचा फोटो मिळाला. बाबा, सही करण्याआधी मला विचारलंत ते फार बरं केलंत. फोनवर घाईत सांगण्यासारखा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

वर्षाची फी 5,000. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,900 रुपये. शंभर रुपयांच्या खर्चाला 2 पॉइंट, म्हणजे विमानाच्या तिकिटासाठी वापरायचे माइल्स. आता आपल्या घरचा किती खर्च कार्डावर जाईल ते बघा. पोदेराचा पाव, नुस्तें, शुक्रवारचा म्हापशाचा बाजार, भाटातल्या कामगारांची मजुरी, चवथीला माटोळीचं सामान, हे सगळं रोख. उरली औषधं, किराणा आणि एखादी मोठी खरेदी. महिन्याला 15,000 धरले तर वर्षाचे 1,80,000 आणि पॉइंट 3,600. एक पॉइंट रुपयाचा धरला, जो बहुतेकदा तेवढाही पडत नाही, तरी 3,600 मिळवायला 5,900 भरायचे. पहिल्या वर्षी स्वागताचे पॉइंट देतात म्हणून हे जाणवत नाही, दुसऱ्या वर्षापासून जाणवतं. मेडिक्लेमच्या हप्त्याचा भरवसा धरू नका. पेट्रोल, विमा, वीजबिल यांवर बरीच कार्डं पॉइंट देत नाहीत, कमी देतात किंवा मर्यादा घालतात.

शिवाय पॉइंटांचं तिकीट पूर्ण फुकट नसतं. कर आणि विमानतळाचे आकार रोख भरावे लागतात. अशा जागाही मोजक्या असतात. नाताळात गोव्याहून निघायचं म्हटलं तर मिळणं कठीण. आणि किती पॉइंटांना कुठलं तिकीट, हे विमान कंपनी कधीही बदलू शकते. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिचे पॉइंटही एअर इंडियाच्या योजनेत गेले. म्हणून पॉइंट साठवून ठेवायची चीज नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला व्याजाची वाटते. बिलावर ‘मिनिमम ड्यू’ म्हणून छोटा आकडा असतो. तेवढाच भरला तर उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. 40,000 थकले तर महिन्याला 1,400 रुपये. तेवढ्या खर्चाचे पॉइंट मिळणार 800. तुम्ही आयुष्यात कुणाचं देणं ठेवलं नाहीत. पेन्शनीच्या वयात एखादं बिल नजरेतून सुटलं म्हणून तुमची झोप उडावी, हे मला सहन होणार नाही.

आईने मला हळूच सांगितलं की हे कार्ड हवंय ते फ्रँकफर्टला लेकीच्या पैशांनी यायचं नाही म्हणून. बाबा, तुमचा हा मान मी राखीन. मुंबई-फ्रँकफर्टचं आईचं तिकीट मी काढते, तुमचं तुम्ही काढा. त्यासाठी फीचे ते 5,900 आणि दरमहा जमेल ती रक्कम आजपासून आरडीत टाका.

माइल्स हवेतच तर त्यांना कार्ड लागत नाही. एअर इंडियाच्या महाराजा क्लब या पॉइंटांच्या योजनेचं सभासदत्व फुकट आहे. दोघांचीही नावं घाला आणि तिकीट काढताना सभासद नंबर द्या. लुफ्तान्साने आलात तरी चालेल, दोन्ही कंपन्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत, त्यामुळे तिच्या प्रवासाचे पॉइंटही याच खात्यात येतात. फक्त तिकिटाच्या त्या दरवर्गाला पॉइंट मिळतात ना, हे मी आधी बघून ठेवीन.

आणि हॉटेल किंवा ऑनलाइन तिकिटासाठी कार्ड हवंच असेल, तर आपल्या बँकेत छोटी एफडी ठेवून तिच्यावर मिळणारं, वार्षिक फी नसलेलं कार्ड घ्या. मर्यादा कमी ठेवा आणि खात्यातून पूर्ण बिल आपोआप वळतं होईल असं लिहून द्या. ‘टोटल ड्यू’ लिहा, ‘मिनिमम’ नाही. परदेशात मात्र ते वापरू नका, चलन बदलाचे साधारण साडेतीन टक्के जास्त जातात. इथला खर्च माझ्या कार्डावर होईल.

तो मुलगा पुन्हा फोन करेल. त्याला ‘नको’ एवढंच सांगा, आणि ओटीपी कुणी मागितला तर अगदी बँकेचं नाव घेतलं तरी देऊ नका. तुमच्या लेखी किंवा ओटीपीसारख्या डिजिटल संमतीशिवाय कार्ड देता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही ते घरी आलंच, तर सुरू करू नका, मला कळवा.

आई, तुझा आणि बाबांचा पासपोर्ट काढून मुदत बघ. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने शिल्लक हवेत. रविवारी फोन करते तेव्हा दोन्ही तारखा सांग.

तुमची,
बाय