मंचाचा तास कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्या की पहिल्या आठवड्यात वेळापत्रक भिंतीवर लागतं. सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात मीना राजू मंचाचा तास असतो, म्हणजे मुलामुलींनी गोष्टींच्या निमित्ताने मनातलं मोकळेपणाने बोलायचा तास. सहामाही जवळ आली की सगळ्यात आधी तोच जातो. कधी गणिताच्या सरावाला, कधी शिष्यवृत्तीच्या जादा तासाला, कधी बाईंना तातडीने ऑनलाइन माहिती भरायची असते म्हणून. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना मीही तो तास अनेकदा असा देऊन टाकला. पुढे देणं थांबवलं. का, ते सांगायला हे पत्र.

माझी शेवटची शाळा साखर कारखान्याजवळची. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की बीडकडची चार-सहा मुलं वर्गात यायची. त्यातल्या एका मुलीने एकदा "काहून, बाई?" असं विचारलं आणि सगळा वर्ग हसला. पुढे पंधरा दिवस ती हजेरीलाही नुसता हात वर करायची.

मंचातली मीना ही युनिसेफने नव्वदच्या दशकात उभी केलेली मुलगी. राजू तिचा भाऊ, मिठू पोपट. आंब्याचा मोठा वाटा राजूलाच का, ही तिची गोष्ट ऐकली की मुलं आपल्या घरच्या ताटाबद्दल बोलू लागतात. एकदा ताटाबद्दल बोलता आलं की बाकीचंही बोलता येतं. एका शनिवारी मंचाच्या तासाला मी प्रत्येकाला एका चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, घरी आईला काय म्हणता? आई, आय, माय, बय, अम्मी आणि एकावर याडी. याडी लिहिणारा मुलगा बंजारा तांड्यावरचा. दोन वर्षं शेजारी बसणाऱ्या मुलांना त्याच्या घरची भाषा वेगळी आहे हे ठाऊकच नव्हतं. चिठ्ठ्या वाचून दाखवायचं काम मी बीडच्या त्या मुलीला दिलं. तिने सगळ्या वाचल्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

नंतर आम्ही वाक्यांचा सराव सुरू केला. कुणी जातीवरून, रंगावरून, चालण्यावरून बोललं तर काय म्हणायचं, हे मुलांना खरंच माहीत नसतं. मनात येतं, तोंडात येत नाही. "असं बोलू नकोस, मला आवडत नाही" हे वाक्य आधी जोडीत म्हणायचं, मग चौघांत, मग सगळ्यांसमोर. परिपाठाला मुलं रोज संविधानाची उद्देशिका म्हणतात. तिच्यातली बंधुता पाण्याच्या नळापाशी वापरायची तर असा सराव लागतोच.

सराव किती खोल जातो ते मला एका जानेवारीत कळलं. सातवीतल्या एकाची कंपासपेटी हरवली. वर्गात एक पारधी मुलगा होता. मी काही विचार न करता सरळ त्याचं दप्तर उघडायला लावलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची, वर्षाच्या सुरुवातीला फळ्यापाशी यायलाही घाबरणारी मुलगी उभी राहिली. "बाई, आधी सगळ्यांची दप्तरं बघा. माझ्यापासून सुरू करा." आवाज कापत होता, पण ती खाली बसली नाही. मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. कंपासपेटी दुसऱ्या दिवशी खिडकीत सापडली.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नव्हता, आणि हे मला एका बारा वर्षांच्या मुलीने दाखवलं.

आपल्याकडे हे नवं नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये आपल्या समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तिच्या शाळेने तिला अक्षरं दिलीच, पण जे दिसतं ते लिहायची मुभाही दिली.

आज अनेक शाळांत मंच भिंतीवर रंगवलेला असतो, रजिस्टरात फोटो असतात आणि अध्यक्ष म्हणून वर्गातली सगळ्यात चुणचुणीत मुलगी असते. जी आधीच बोलते तिला आणखी बोलायला लावून काय साधणार? शहरांतल्या खासगी शाळांतही वक्तृत्व मंडळं असतात, ती बक्षिसं आणणाऱ्यांची. त्याच शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना "आरटीईवाले" म्हटलं जातं. असा मंच तिथे तर आधी हवा.

शिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. तपासणीला आलात की मंचाचे फोटो मागू नका, एक तास मागे बसून ऐका. मंच चालवणाऱ्या (सुगमकर्त्या) शिक्षिकेवर त्या दिवशी दुसरं काम टाकू नका. मुख्याध्यापकांनी आठवड्यातली ही चाळीस मिनिटं मार्चपर्यंत राखावीत आणि अध्यक्षपद दर महिन्याला नव्या मुलाकडे द्यावं. मागच्या बाकापासून सुरुवात केली तर फार बरं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका