उसाच्या ट्रॉलीला थांबवायला किती बळ लागते? परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

गाळप हंगाम तोंडावर आला की सोलापूर जिल्ह्यात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवायची मोहीम निघते. ती हवीच, रात्री मागून येणारा दुचाकीस्वार त्याने वाचतो. पण ट्रॉलीच्या पुढ्यात रस्ता ओलांडणाऱ्याला रिफ्लेक्टरचा काय उपयोग?

ट्रॅक्टर अडीच टन आणि उसासह दोन ट्रॉल्या 20 टन धरा. एकूण 22,500 किलो. ट्रॉल्यांना ब्रेक नसेल तर सगळी भिस्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. त्यांच्यावर भार साधारण दीड टन, कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे टायर रस्त्याला किती पकडतो त्याचे माप, 0.7. म्हणजे 1,500 × 9.8 (गुरुत्वाकर्षणाचे त्वरण) × 0.7, जेमतेम 10,300 न्यूटन (न्यूटन हे बळाचे एकक). न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने त्याला 22,500 ने भागा: मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, 0.46 मीटर प्रति सेकंद वर्ग. ताशी 20 किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला 5.56 मीटर वेगाला, थांबायला 34 मीटर लागतात. चालकाचा पाय पेडलवर जाईपर्यंतचे पाचसहा मीटर वेगळेच.

फडातून चाकांना लागून आलेली काळी माती रस्त्यावर ओली असली की घर्षणांक 0.4 वर येतो, बळ 5,900 न्यूटनवर. तीन टक्के उतारावर वजनच 6,600 न्यूटनने पुढे ओढते. ब्रेकचा सगळा जोर उतारच खातो; चाकांच्या फिरण्याचा विरोध काय तो मदतीला उरतो.

कोरड्या सपाट रस्त्यावरही ब्रेक दाबताच ट्रॉल्या हुकमधून 9,000 न्यूटनहून जास्त जोराने ट्रॅक्टरला ढकलतात. जोडी वळणावर असेल तर ट्रॅक्टर आडवा फिरतो. त्यात शेतात वळायला सोपे म्हणून मागच्या डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक पेडल सुटे ठेवलेले असतात. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल जोडणारी खिट्टी लावायची राहिली की एकच चाक धरते.

म्हणून मागणी एवढीच: दोन्ही ट्रॉल्यांना ब्रेक सक्तीचे करा आणि कारखान्याच्या आवारातच तपासा. वजन काट्यावर कळतेच. सपाट, कोरड्या डांबरावर खडूची रेघ मारा, ताशी 20 ला रेघेवर ब्रेक दाबायला लावा, टेपने अंतर मोजा. 10 मीटरच्या आत थांबायला सुमारे 34,700 न्यूटन लागतात, ट्रॅक्टर एकटा देतो त्याच्या तिपटीहून जास्त.

मात्र तपासणी भरल्या ट्रॉल्यांचीच व्हावी. रिकामी जोडी ट्रॅक्टरसह साडेसहा टनांची असली, तर ट्रॉलीला ब्रेक नसतानाही पावणेदहा मीटरवर थांबते आणि कागदावर पास होते.

आपले,
सोलापुरातील काही भौतिकशास्त्र शिक्षक व ट्रॅक्टर मेकॅनिक