दोन दोर चौकोनी गाठीने जोडू नका

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत दोर बांधण्याविषयी एक चौकट आली होती. ‘दोन दोर जोडायचे असतील तर चौकोनी गाठ मारा’ असा सल्ला आणि त्याखाली चित्र. सल्ला चुकीचा आहे आणि चित्र त्याहून चुकीचे. वाचक असे चित्र कापून ठेवतात, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी चित्र. त्यात एका दोराचे मोकळे टोक वरच्या अंगाला निघाले आहे, दुसऱ्याचे खालच्या. चौकोनी गाठीत, म्हणजे रीफ नॉटमध्ये, दोन्ही मोकळी टोके एकाच अंगाला येतात. ती तिरपी समोरासमोर आली की ती वेगळीच गाठ, थीफ नॉट. वरवर पाहता दोघी जुळ्या बहिणी, पण ताण दिला की ही दुसरी सहज सरकते. तिसरी बहीण ग्रॅनी. ‘उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर’ असे न करता दोन्ही वेळा उजवेच वर घेतले की ती तयार होते. तिची टोके दोराला समांतर न राहता काटकोनात उभी राहतात. दिसायला गुबगुबीत असल्याने लोक तिला निरगाठ समजतात. खरे तर ती ना निरगाठ ना सुरगाठ. कधी आपसूक सुटते, तर कधी अशी आवळते की नखे तुटावीत.

हा फरक बुटाच्या नाडीवर लगेच दिसतो. नाडीची फुली, म्हणजे वरचे दोन फासे, बुटावर आडवी बसली तर ती चौकोनी गाठीवर बांधलेली आहे. उभी, म्हणजे चवड्यापासून घोट्याच्या दिशेने वळली, तर खाली ग्रॅनी आहे आणि ती चालता चालता सुटणार. उपाय सोपा: सुरुवातीची अर्धी गाठ रोजच्या उलट दिशेने घ्यायची, पुढचे सगळे तसेच.

आता सल्ला. चौकोनी गाठ ही आवळून बांधण्याची गाठ आहे. बँडेज, पुडके, गुंडाळलेली चटई अशा वस्तूवर ती टेकलेली असते, आणि खालच्या वस्तूच्या दाबामुळेच टिकते. बँडेजला तर ती उत्तम, कारण सपाट बसते, टोचत नाही. पण दोन दोरांच्या मधोमध ती अधांतरी असते. एकाच दोराचे मोकळे टोक आणि ताणाची (ओझ्याकडे जाणारी) बाजू दोन हातांत धरून झटक्याने विरुद्ध दिशांना ओढून पाहा. तो दोर सरळ होतो आणि दुसरा त्याच्यावर नुसता अडकवलेल्या फासासारखा राहतो, बोटाने ढकलला की निघून येतो. बँडेज सोडताना हा गुण आहे. ओझे लटकत असताना मोकळे टोक कशात अडकून ओढले गेले, तर तोच गुण घात करतो. एक दोर जाड आणि दुसरा बारीक असेल तर ही गाठ आणखी बेभरवशाची.

दोर जोडायला शीट बेंड शिकावी. जाड दोराचे टोक दुमडून हातात धरा. बारीक दोर त्या दुमडीतून खालून वर काढा, दुमडीच्या दोन्ही पदरांना मागून वळसा द्या आणि त्याच्याच ताणाच्या भागाखालून सारा. पुन्हा दुमडीत घालायचा नाही; नवशिके नेमके इथेच चुकतात. दोन्ही मोकळी टोके एकाच अंगाला आली पाहिजेत. जाडीत फार फरक असेल किंवा दोर गुळगुळीत असेल तर मागचा वळसा दोनदा द्या. जोड कायमचा हवा असेल तर डबल फिशरमन: प्रत्येक टोक दुसऱ्या दोराभोवती दोन वेढे घेऊन त्याच वेढ्यांतून परत काढायचे आणि दोन्ही गाठी एकमेकींना भिडेपर्यंत ओढायच्या. मोठा ताण बसल्यावर ती सोडवायचे कष्ट घेऊ नयेत, कापावी.

चौकटीत दोर कशाचा, हे लिहिलेच नव्हते. पुष्कळशा जुन्या गाठी ताग, काथ्या, सूत यांच्या दोरांवर घडल्या. तो धागा खरबरीत असतो, भिजला की फुगून दोर आखडतो आणि गाठ अधिकच आवळते. नायलॉन उलट वागते. ते गुळगुळीत असते, ताणाखाली लांबते आणि भिजल्यावर आणखी लांबते. पॉलिप्रोपिलीनचा दोर तर ताठ आणि निसरडा. म्हणून कृत्रिम धाग्याच्या दोरावर एखादा वेढा जास्त घ्यावा आणि गाठीबाहेर दोराच्या जाडीच्या १० ते १२ पट टोक सोडावे. १० मिलिमीटरच्या दोराला १० ते १२ सेंटिमीटर. बोटभर टोक सोडून गाठ सुटली की दोष गाठीला दिला जातो.

न सरकणारा फास हवा असेल तर बोलाइन. दोरावर एक लहान वेढा घ्या, त्यात मोकळ्या टोकाकडे जाणारा पदर वर असावा. टोक त्या वेढ्यातून खालून वर आणा, ताणाच्या भागामागून फिरवा आणि त्याच वेढ्यात परत खाली घाला. पहिला वेढा उलटा पडला तर गाठ बसतच नाही. बोलाइन ओझे उतरले की सहज सुटते, पण ओझ्याखाली बांधता येत नाही आणि सोडवताही येत नाही. तिची खोड अशी की ताण नसताना दोर हलत राहिला तर ताठ कृत्रिम दोरावर ती ढिली होते. म्हणून तिच्या टोकाने शेजारच्या पदरावर आणखी एक गाठ मारून ठेवावी. माणसाचा जीव जिथे दोरावर असतो तिथे गिर्यारोहक आठ आकड्याची गाठ दुहेरी करून वापरतात. तीत कुठूनही पाहिले तरी समांतर पदरांच्या ५ जोड्या मोजता येतात, त्यामुळे चूक दुसऱ्यालाही दिसते. पण ती प्रशिक्षकासमोर शिकायची. वर्तमानपत्र वाचून कोणी कड्यावर जाऊ नये.

खांबाला बांधायला बहुतेक जण ‘क्लोव्ह हिच’ ही एकमेकांवरून जाणाऱ्या दोन वेढ्यांची गाठ वापरतात. सुरुवात करायला ती ठीक, पण खांब गुळगुळीत असेल किंवा फिरणारा असेल तर ती हळूहळू उलगडते. त्यापेक्षा खांबाभोवती दीड वेढा आणि मग ताणाच्या भागावर दोन अर्ध्या गाठी, दोन्ही एकाच दिशेने. सगळे काम वेढा करतो. घर्षणांक (दोर आणि खांब यांच्यातले घर्षण सांगणारा आकडा) ०.३ धरला तर पूर्ण एका वेढ्यात ओढ सुमारे साडेसहा पटीने आणि दीड वेढ्यात सुमारे १७ पटीने कमी होते. म्हणजे १०० किलोची ओढ हाताला ६ किलोच्या आसपास लागते, आणि ओझे तोलून धरत गाठ सावकाश मारता येते.

गाडीवरचे सामान आवळायला ‘ट्रकर्स हिच’ नावाची गाठ वापरतात. दोराच्या मध्यावर फास, टोक खालच्या आकड्यातून फिरवून त्या फासात, मग खाली ओढ. हिशेबाने तिप्पट जोर मिळायला हवा. प्रत्यक्षात घर्षण बराच खाऊन टाकते, तरीही पुष्कळ उरतो. मात्र दोर फासावर घासला जातो. एकाच जागी रोज फास घेतला तर दोर तिथेच झिजतो.

शेवटचा मुद्दा वजनाचा. चौकटीत दोराच्या वेष्टनावरचा, किती वजन पेलते तो आकडा तसाच वापरलेला होता. तो बिनगाठीच्या, नव्या दोराचा असतो. गाठीत दोर तीव्र वळतो, बाहेरच्या धाग्यांवर जास्त ताण येतो आणि दोर तुटतो तो बहुधा गाठीत शिरतो तिथेच. साध्या एकेरी गाठीने जवळपास निम्मी ताकद जाते. बोलाइनमध्ये साधारण ६० ते ७५ टक्के उरते, आठ आकड्याच्या गाठीत त्याहून थोडी अधिक. दोराच्या जातीप्रमाणे हे आकडे खालीवर होतात.

चित्र पुन्हा छापणार असाल तर दोन दोर दोन रंगांत दाखवावेत आणि मोकळी टोके लांब काढावीत. टोके कोणत्या अंगाला निघाली आहेत, हे मग वाचकाला शोधावे लागणार नाही.

आपला,
दोरकाम शिकवणारा एक वाचक